ट्रॉलरच्या मासळीचा साठा ठीक आहे का ते कसं तपासायचं: नाशकात बसून सुरुवात करणाऱ्यांसाठी

झूलॉजी किंवा स्टॅटिस्टिक्सचा प्रोजेक्ट करायचाय, समुद्री मासळीवर करायचाय, पण राहतो नाशकात, मग जमेल का, असं बरीच पोरं विचारतात. जमतं. या कामाचा निम्मा भाग लॅपटॉपवरच होतो आणि उरलेल्यातला हात बसवायचा भाग भद्रकालीच्या मच्छी मार्केटात फुकटात शिकता येतो, फक्त खरा नमुना घ्यायला घाट उतरून बंदरावर जावं लागतं, त्याला पर्याय नाही. खाली जे लिहिलंय ते अगदी नवख्या माणसासाठी आहे, लॉग काढता येतो आणि एक्सेलमध्ये आलेख काढता येतो एवढं पुरे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण निम्म्या बातम्या इथेच गंडतात. आवक म्हणजे साठा नव्हे. हे नाशिककराला समजवायला लागू नये खरंतर, लासलगावला एखाद्या आठवड्यात कांद्याच्या गाड्यांची रांग लागली म्हणून कोणी म्हणत नाही की यंदा कांदा उदंड आहे, चाळीतला माल सडायला लागला म्हणूनही लोक बाहेर काढतात, भाव चढला म्हणूनही काढतात आणि पोराच्या लग्नाला पैसे हवेत म्हणूनही काढतात. धक्क्यावर उतरलेल्या मासळीचं तसंच. २०१९ साली महाराष्ट्राची समुद्री आवक २.०१ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतली सगळ्यात कमी, कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचा, म्हणजे सीएमएफआरआयचा आकडा आहे हा. लगेच "मासे संपले" सुरू झालं. पण त्याच वर्षी अरबी समुद्रात वायू, हिक्का, क्यार, महा अशी वादळांवर वादळं आली, बोटी बंदरातच बांधून ठेवल्या तर मासळी उतरणार कुठून? मग साठा उत्तम होता का? तेही त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही, मुद्दा हाच आहे.

तर मग बघायचं काय? माझं मत विचाराल तर नवख्याने टनांच्या मागे लागूच नये, लांबी मोजावी. मासा किती लांबीचा पकडला जातोय, त्या लांबीला तो एकदा तरी अंडी घालून झालाय का, आणि मोठे मासे उरलेत का, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली तरी पुष्कळ कळतं.

१. एक मासा निवडा आणि साठा म्हणजे नेमका कुठला ते ठरवा

पापलेट घेऊ नका. मोह होतो, राज्यमासा आहे २०२३ पासून, पण महाग असतो आणि मोजायला हातात कोणी देत नाही. बोंबीलही नको, तो मुख्यतः डोल जाळ्याचा मासा, आपला विषय ट्रॉलर. ट्रॉलर म्हणजे जाळं तळाला ओढत नेणारी बोट, जाळ्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी किंवा लोखंडी फळ्या असतात, त्या पाण्याच्या दाबाने बाहेर पसरतात आणि जाळ्याचं तोंड उघडं राहतं, सगळं जाऊन साठतं शेवटच्या पिशवीत, तिला कॉडएंड म्हणतात. त्यात राणी, वाकटी, धोमा, चोर बोंबील, लेपा, माकुल, कोळंबी असं सगळं एकत्र येतं.

मी राणी मासा सुचवेन, शास्त्रीय नाव नेमिप्टेरस जपोनिकस. गुलाबी अंग, त्यावर पिवळसर रेघा, ओळखायला सोपा, सुरिमीच्या (माशाच्या मांसाचा लगदा) कारखान्यांना भरपूर जातो त्यामुळे पकडलाही भरपूर जातो, आणि त्यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं काम झालंय म्हणजे स्वतःचं उत्तर ताडून बघायची सोय आहे. जवळच्या इतर राणी जातींशी गल्लत करू नका मात्र, जात चुकली की पुढचं सगळं वाया.

साठा म्हणजे काय, तर एकमेकांत वीण होणारा, साधारण एकाच वेगाने वाढणारा आणि मरणारा माशांचा गट. मासा काही महाराष्ट्र-गुजरातची हद्द बघून थांबत नाही, त्यामुळे "मुंबईचा साठा" असं लिहिताना जरा जपून, "वायव्य किनाऱ्यावरून मुंबईत उतरलेली मासळी" हे जास्त खरं.

२. हात नाशकात बसवा

मार्केटात सकाळी जा, गिऱ्हाईक कमी असताना, रविवारी तर अजिबात जाऊ नका, मावशींना तुमच्याशी बोलायला वेळ नसतो आणि त्यांचा धंदा मोडून तुम्ही पट्टी घेऊन उभे राहणार हे बरंही दिसत नाही. सरळ सांगावं, "मावशी, कॉलेजचं काम आहे, पाव किलो घेतो पण आधी दहा-बारा मासे मोजून देता का". बहुतेक वेळा हो म्हणतात, वर चार गोष्टी सांगतातही.

मोजायची फळी घरी बनवता येते. एक सपाट फळी, तिच्या एका टोकाला काटकोनात दुसरी छोटी पट्टी ठोकलेली, आणि मधून मिलिमीटरची स्टीलची पट्टी चिकटवलेली, शून्य बरोबर त्या उभ्या पट्टीला लागून. मासा उजव्या कुशीवर ठेवायचा, तोंड डावीकडे, तोंड मिटलेलं हवं, उघडं राहिलं तर पाच-सात मिलिमीटर सहज वाढतात. नाक पट्टीला टेकवायचं पण दाबायचं नाही.

आता शेपूट. राणीच्या शेपटीच्या वरच्या पाकळीला एक लांब पिवळा दोरा असतो, तो जाळ्यात, क्रेटमध्ये, बर्फात कुठेतरी तुटतो. म्हणजे एका माशाला तो आहे, शेजारच्याला नाही, आणि तुम्ही शेपटीच्या टोकापर्यंत मोजलंत तर सारख्याच माशांत दोन-तीन सेंटीमीटरचा फरक येईल. म्हणून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंतची लांबी घ्या, फोर्क लेंग्थ म्हणतात तिला. वहीच्या प्रत्येक पानावर वर लिहून ठेवा कुठली लांबी घेतली ते, कारण जुन्या शोधनिबंधांत बऱ्याचदा पूर्ण लांबी असते आणि दोन्ही एकमेकांत मिसळली तर कोणालाच पत्ता लागत नाही चूक कुठे आहे.

लांबीसोबत वजन घ्या, स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा चालतो, पाणी आणि बर्फ पुसून. वजन = ए × लांबीचा बी-घात, हे समीकरण. दोन्हीकडे लॉग घेतला की सरळ रेघ, तिचा चढ म्हणजे बी. बी तीनच्या आसपास यायला हवा. दोन किंवा चार आला तर माशाला दोष देऊ नका, आधी काटा, मग वही तपासा.

आणि हे नीट वाचा: नाशकातले हे माप सरावासाठी आहे, साठ्याचं म्हणून वापरायचं नाही. इथे येणारा मासा निवडून, प्रतवारी होऊन आलेला असतो. एक्सपोर्टचा माल वेगळा निघतो, सुरिमीचा वेगळा, बारीक चुरा फिशमीलला (माशांची भुकटी) जातो, आणि जे नाशकात खपेल ते बर्फ घालून कसारा घाट चढतं. त्या पाटीतला सगळ्यात लहान मासा हा समुद्रातला सगळ्यात लहान मासा नाही, सगळ्यात मोठाही नाही. त्यात पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे जुलैत भद्रकालीत दिसणारा समुद्री मासा बंगालच्या उपसागराचा असू शकतो नाहीतर कोल्ड स्टोरेजचा. तो अरबी समुद्राच्या खात्यात टाकला की झालं कल्याण.

३. धक्क्यावरचा नमुना

ससून डॉक किंवा भाऊचा धक्का. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून काम होईल असं वाटत असेल तर विसरा, ती मुंबईला पोचते तोवर लिलाव आटोपून धक्का धुवून झालेला असतो, आदल्या रात्री मुक्कामाला जावं लागतं. गमबूट घ्या, वहीला प्लास्टिक, आणि पेन्सिल, कारण शाईचं ओल्या हातात काय होतं ते सांगायला नको. आधी परवानगी. मत्स्यव्यवसाय खात्याच्या ऑफिसात पत्र, सोसायटीत ओळख, आणि बोटीवर तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारल्याशिवाय एकाही क्रेटला हात नाही.

नमुन्याचा एकच नियम महत्त्वाचा, मासे तुम्ही निवडायचे नाहीत. डोळा आपोआप मोठ्या माशाकडे जातो. म्हणून प्रतवारी व्हायच्या आधी पोचा आणि आधीच ठरवा, उदाहरणार्थ दर दहावा क्रेट, आणि त्या क्रेटमधला प्रत्येक राणी मोजायचा, चेपलेला, डोळा गेलेला, बोटाएवढा, सगळे. प्रतवारी होऊन गेली असेल तर प्रत्येक प्रतीतून वेगळा नमुना घ्या आणि प्रत्येक प्रतीचं एकूण वजन लिहा, मग नंतर प्रमाणात वाढवता येतं. समजा बोटीवर ४०० किलो राणी आहे, तुम्ही २० किलो मोजलात, त्यात १६ सेंटीमीटरच्या गटात ३० नग आले, तर बोटीवर त्या गटात अंदाजे ३० × २० = ६०० नग. एवढंच आहे ते, पण हा वाढवायचा हिशेब विसरून नुसत्या नमुन्यांची बेरीज करणारे प्रोजेक्ट ढिगाने असतात.

बारीक चुऱ्याकडेही जा. कोणाला तिकडे जायचं नसतं, वास येतो, माशा असतात, पण कोवळी राणी सगळी तिथेच असते. आणि जे समुद्रातच परत फेकलं ते धक्क्यावर कधी दिसत नाही, त्याबद्दल खलाशांना विचारायचं, चहा घेता घेता विचारलं की खरं सांगतात, फॉर्म पुढे केला की नाही.

किती मासे? महिन्याला काही शे तरी हवेत, आणि सलग बारा महिने (बंदीचे दोन सोडून) मिळाले तर उत्तम. एकाच महिन्यात हजार मोजण्यापेक्षा दहा महिन्यांत प्रत्येकी शंभर मोजणं कधीही बरं, का ते वाढीच्या पायरीत कळेल.

४. मेहनत किती लागली ते लिहा

नुसतं किती मिळालं हे अर्धं वाक्य आहे. किती वेळ जाळं ओढून मिळालं? बोटीगणिक लिहून घ्या: किती दिवसांची फेरी, रोज किती वेळा जाळं टाकलं, एकेक ओढ किती तासांची, इंजिन किती हॉर्सपॉवरचं, कुठल्या खोलीवर.

समजायला एक उदाहरण, आकडे माझे, खरे नव्हेत. एका बोटीने आधी हंगामात ४०० तास ओढून ८ टन आणले, ताशी २० किलो. काही वर्षांनी तीच बोट ७०० तास ओढून ९.१ टन आणते, ताशी १३ किलो. आवक चौदा टक्क्यांनी वाढली, पेपरात छान बातमी, आणि ताशी उत्पन्न ३५ टक्के पडलं. डिझेलचं बिल भरणाऱ्या मालकाला हे तुमच्या आधी कळलेलं असतं.

पण ताशी किलोवरही आंधळा विश्वास नको. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा कॉड हे याचं गाजलेलं उदाहरण. मासे कमी होत गेले तसे उरलेले दाटीने एकत्र जमायला लागले, ट्रॉलरकडे मासे शोधायची यंत्रं चांगली आली, त्यामुळे व्यापारी बोटींना तासाला मिळणारा मासा बरीच वर्षं ठीकच दिसत राहिला. संशोधन जहाजाच्या पाहणीतले आकडे त्यापेक्षा खाली होते, पण वजन बोटींच्या आकड्यांना मिळालं. २ जुलै १९९२ ला सरकारला ती मासेमारीच बंद करावी लागली, तीसेक हजार लोकांचं काम गेलं. आपल्याकडेही जीपीएस, फिशफाइंडर, मोठी इंजिनं, दहा-पंधरा दिवसांच्या फेऱ्या हे सगळं आलंय, म्हणजे आजचा एक तास आणि वीस वर्षांपूर्वीचा एक तास सारखा धरता येत नाही. ही तफावत काढून टाकायला मॉडेल वापरतात, वर्ष, महिना, खोली, इंजिन असे घटक घालून, ते पुढे शिका. सुरुवातीला निदान एकाच आकाराच्या बोटींची तुलना करा.

५. गाबोळी बघा

नमुन्यातले काही मासे विकत घेऊन पोट फाडायचं. गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, कुठल्या अवस्थेत आहे ते लिहायचं: अगदी कोवळी असेल तर दोन पातळ, जवळजवळ पारदर्शक दोऱ्या, मग जाड होत पिवळसर, मग नुसत्या डोळ्याने दाणे दिसतात, आणि अंडी टाकून झाल्यावर ढिली, लालसर, रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. नरात पांढरा भाग असतो. दहा दिवस बर्फात राहिलेल्या माशाचं पोट इतकं मऊ होतं की काही सांगता येत नाही, तेव्हा फेरीतल्या शेवटच्या ओढीचा मासा मागा.

मग प्रत्येक लांबीच्या गटात किती टक्के माद्या प्रौढ आहेत ते काढून आलेख मांडा, एस आकाराचा येतो. ज्या लांबीला निम्म्या माद्या प्रौढ ती लांबी महत्त्वाची, तिच्यापेक्षा लहान मासे पकडीत किती आहेत ते बघा. पकडीतला मोठा हिस्सा तिच्याखाली असेल तर माशांची पोरंच ताटात वाढताय, वेगळं सांगायला नको. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडायची किमान लांबी ठरवून दिली त्यामागचा विचार हाच. जाळ्याच्या कॉडएंडला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस (जाळ्याचा डोळा) लावा असं का म्हणतात तेही यातूनच येतं, तिरका आस ओढताना ताण पडून मिटतो, चौकोनी उघडा राहतो आणि लहान मासा निसटतो.

माशाची सवयही माहिती करून घ्या. शिंगाळ्यात नर अंडी तोंडात धरून फिरतो, त्या काळात काही खात नाही. १९८०च्या दशकात कर्नाटकाकडे पर्ससीन जाळ्यांनी (थव्याला घेरून खालून आवळायची जाळी) असे अंडी धरलेले थवेच्या थवे उचलले, आणि शिंगाळा बसला तो बसलाच. अंडी लाखोंनी टाकून मोकळा होणारा मासा आणि मोजकी मोठी अंडी तोंडात सांभाळणारा मासा यांना एकच माप लावता येत नाही.

६. वाढीचा वेग

थंड समुद्रातल्या माशाच्या कानातल्या हाडावर झाडासारखी वर्षाची वळं दिसतात आणि वय मोजता येतं. आपल्याकडे वर्षभर पाणी ऊबदार, वळं पुसट, म्हणून आपण लांबीच्या आलेखावरून वय काढतो. दर महिन्याचा लांबीचा आलेख एकाखाली एक लावा, त्यात एक उंचवटा दिसेल, पुढच्या महिन्यात तोच थोडा उजवीकडे सरकलेला, त्याच्या पुढे आणखी. ती एकाच वेळी जन्मलेली पिढी वाढताना दिसतेय तुम्हाला. म्हणूनच बारा महिन्यांचा आग्रह धरला वर. हा माग काढायला मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांच्या ईलेफॅन पद्धतीचा उपयोग होतो, आता ती आर सॉफ्टवेअरच्या ट्रॉपफिशआर पॅकेजात फुकट मिळते.

त्यातून दोन आकडे निघतात, मासा जास्तीत जास्त सरासरी किती लांब होईल ती लांबी आणि त्या लांबीकडे तो किती वेगाने जातो तो के. समजा ३४ सेंटीमीटर आणि वर्षाला ०.७ आले. मग एका वर्षाचा मासा साधारण १७ सेंटीमीटर, दोन वर्षांचा साडेपंचवीस. तुमच्या धक्क्यावर २५ च्या वर फारसं काही दिसत नसेल तर अर्थ लक्षात आला का, दोन वर्षांपलीकडे फारसं कोणी जगतच नाहीये, किंवा मोठे मासे जिथे असतात तिथे तुमच्या बोटी जात नाहीत. दोन्ही शक्यता लिहून ठेवा. स्वतःचे आकडे फिशबेस या माशांच्या माहितीच्या वेबसाइटवरच्या त्याच माशाच्या आकड्यांशी ताडून बघा, फार लांब असतील तर महिने पुन्हा तपासा.

७. मरतात किती आणि कोणामुळे

हा सगळ्यात खेळकर आणि सगळ्यात फसवा भाग. लांबीवरून वय काढून, प्रत्येक वयाला किती नग ते लॉगमध्ये मांडलं की आधी चढ आणि मग उतार दिसतो. चढ सोडून द्या, ते लहान मासे जाळ्यात नीट अडकतच नाहीत. उताराची तीव्रता, म्हणजे किती झपाट्याने नग कमी होतात, तो एकूण मृत्युदर झेड. शेवटचे दोन-चार ठिपकेही सोडा, कमाल लांबीच्या जवळ वयाचा अंदाज वाऱ्यावर जातो.

झेडमध्ये दोन भाग, आपोआप मरणारे (मोठ्या माशाने खाल्ले, रोग, म्हातारपण) म्हणजे एम, आणि मासेमारीने मरणारे म्हणजे एफ. एम थेट मोजणं जवळजवळ अशक्य, म्हणून सूत्र वापरतात. पॉलींचं १९८० चं सूत्र कमाल लांबी, के आणि पाण्याचं तापमान घेतं. वरचेच आकडे, पाणी २७ अंश, एम येतो १.३४. झेड समजा ३.१ आला, तर एफ १.७६, आणि एकूण मरणाऱ्यांपैकी मासेमारीचा वाटा ०.५७. आता तेच आकडे २०१५ च्या एका नव्या सूत्रात घाला, ते ४.११८ × के चा ०.७३ घात × कमाल लांबीचा उणे ०.३३ घात असं आहे, एम येतो ०.९९. मग एफ २.११ आणि वाटा ०.६८.

मासा तोच, वही तीच, आणि एकात "जरा जास्त पकडताय", दुसऱ्यात "फारच पकडताय". जुना ठोकताळा ०.५ चा आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त मरण मासेमारीमुळे नको, पण तो ठोकताळाच आहे, त्यावर ०.५२ आला म्हणून ओरड आणि ०.४८ आला म्हणून पेढे असं करू नये. मी तर म्हणेन रिपोर्टमध्ये एकच एम देणारा प्रोजेक्ट परत पाठवावा. दोन-तीन सूत्रांनी काढा, सगळी उत्तरं शेजारी ठेवा, सगळी एकाच बाजूला झुकली तरच ठामपणे बोला. इथे झुकलीत, दोन्ही ०.५ च्या वर.

आणखी एक खोच. ही पद्धत धरून चालते की दरवर्षी साधारण सारखीच पिल्लं येतात. एखाद्या वर्षी पिल्लांचा सुकाळ झाला तर आलेखात लहान मासे जास्त दिसतात, उतार तीव्र होतो, आणि झेड फुगतो, मासेमारी तेवढीच असताना. म्हणून एका वर्षाच्या डेटावर निकाल नको.

८. घाईत असाल तर हे तीन

मत्स्यशास्त्रज्ञ रायनर फ्रोझे यांनी २००४ मध्ये तीन सोपी मापं सुचवली, कोळी बांधवांना समजावताना फार कामाची. पकडीतले किती टक्के मासे प्रौढ आहेत (शक्यतो सगळेच असावेत), किती टक्के सर्वोत्तम लांबीच्या आसपास आहेत, आणि मोठ्या जुन्या माद्या किती उरल्यात. सर्वोत्तम लांबी म्हणजे ज्या लांबीला एका पिढीचं एकूण वजन सगळ्यात जास्त भरतं, आपल्या उदाहरणात पॉलींच्या एमने ती २०.७ सेंटीमीटर येते, नव्या सूत्राने २३.१. तिच्यापेक्षा दहा टक्क्यांहून मोठ्या त्या जुन्या माद्या. त्या पकडीत ३०-४० टक्के दिसल्या तर वयाची घडण निरोगी, २० टक्क्यांच्या खाली गेल्या तर काळजी. मोठी मादी लहानीपेक्षा कितीतरी पट अंडी देते, ती गेली की पुढचा हंगाम पिल्लांच्या नशिबावर.

याच्या पुढची पायरी एलबीएसपीआर, म्हणजे लांबीवरून अंडी देण्याची उरलेली क्षमता काढायची पद्धत, हीसुद्धा आर मध्ये आहे. मासेमारी नसती तर एका माशाने आयुष्यभरात जेवढी अंडी दिली असती त्याच्या किती टक्के आता देतो, असा प्रश्न. २० टक्क्यांच्या खाली धोका, ४० च्या आसपास निवांत. लागतं फक्त पकडीतली लांबी, कमाल लांबी, प्रौढत्वाची लांबी आणि एम भागिले के. आवकेचा एकही आकडा लागत नाही, म्हणून मला ही नवख्यांसाठी सगळ्यात आवडते.

९. समुद्रात एकूण मासा किती

हे विद्यार्थ्याला एकट्याने झेपत नाही, पण समजून घ्या. संशोधन जहाज ठरलेल्या ठिकाणी ठरलेला वेळ जाळं ओढतं, मुंबईत मुख्यालय असलेलं भारतीय मत्स्य सर्वेक्षण खातं हेच करतं. ३ नॉट वेग म्हणजे तासात ५.५६ किलोमीटर, जाळ्याची वरची दोरी ३० मीटर, ओढताना तोंड साधारण निम्मं म्हणजे १५ मीटर उघडं, म्हणजे झाडून काढलेलं क्षेत्र ०.०८३ चौरस किलोमीटर. त्यात २५ किलो राणी मिळाली तर चौरस किलोमीटरला ३०० किलो. जाळ्यासमोरच्या सगळ्याच माशांना जाळं पकडत नाही, निम्मेच पकडतं असं धरलं तर ६००. त्या "धरलं तर" वर किती टन अवलंबून आहेत ते बघा.

दुसरा मार्ग, बऱ्याच वर्षांची आवक आणि मेहनत घेऊन शेफरच्या १९५४ च्या मॉडेलसारखी मॉडेलं. न पकडता साठा जेवढा असता त्याच्या निम्म्यावर तो सगळ्यात वेगाने वाढतो असं ती धरतात. उत्तर चार रंगांच्या चौकोनात मांडतात, कोबे प्लॉट: साठा पुरेसा आणि मासेमारी आटोक्यात तर हिरवा, साठा कमी आणि मासेमारी जास्त तर लाल, मधे पिवळा आणि नारिंगी. सीएमएफआरआयने २०२२ च्या स्थितीसाठी १३५ साठे असे तपासले आणि ९१.१ टक्के ठीक आहेत म्हटलं. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) जगभरच्या हिशेबात २०२१ साठी ६२.३ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून कॉलर ताठ करायचा मोह आवरा, कुठले साठे घेतले आणि कशाने मोजले ते वेगळं आहे.

१०. निकाल लिहिताना

"साठा चांगला" किंवा "साठा धोक्यात" असं एका ओळीत लिहू नका. असं लिहा: या बंदरात, या महिन्यांत, या जाळ्याने आलेल्या राणीत इतके टक्के अपरिपक्व, मासेमारीचा वाटा ०.५७ ते ०.६८, अंड्यांचं प्रमाण इतकं ते इतकं, ताशी उत्पन्न इतक्या वर्षांत असं बदललं. लांबी, गाबोळी आणि मेहनत तिन्ही एकच सांगत असतील तर जोरात म्हणा. भांडत असतील तर कशामुळे भांडतायत त्याचा अंदाज द्या, बहुतेक वेळा नमुना निवडून घेतलेला असतो नाहीतर बोटी नव्या जागी जायला लागलेल्या असतात.

कच्ची वही, म्हणजे मासळीच्या पाण्याचे डाग पडलेली तीच, स्कॅन करून ठेवा, फाइलच्या नावात बंदर आणि तारीख घाला. पुढच्या वर्षी दुसरं कोणी ऑगस्टमध्ये बंदी उठल्यावर त्याच धक्क्यावर, त्याच पद्धतीने दर दहावा क्रेट मोजेल, तेव्हा तुमचे आकडे त्याला सरळ लावता आले पाहिजेत.